सीनचा पसारा आणि मिसळणाचा डबा

थ्रीडीमध्ये सगळ्यांना दिसतं ते चित्र. पण डेडलाइनच्या आदल्या रात्री कोण जागणार आणि कोण वेळेवर घरी जाणार, हे ठरवते त्या चित्रामागची मांडणी. ती निवडायची कशी?

नव्या फ्लॅटमध्ये सामान लागलं की पहिलं भांडण हमखास किचनमध्ये होतं. एकाचं म्हणणं असतं, सगळे डबे एका फळीवर, सगळे कप दुसऱ्या फळीवर, सगळे चमचे एका ड्रॉवरमध्ये. दुसऱ्याचं म्हणणं, चहा, साखर, गाळणं, आल्याची किसणी आणि कप हे सगळं गॅसच्या शेजारी हवं, मग वस्तूचा प्रकार कुठलाही असो. गंमत म्हणजे दोघांचंही बरोबर असतं. पहिल्याला वस्तू शोधायची असते. दुसऱ्याला सकाळी सात वाजता अर्धवट झोपेत चहा करायचा असतो.

थ्रीडी सॉफ्टवेअरमध्ये अगदी हेच भांडण चालतं. फरक एवढाच, की तिथे डबे चाळीस नसतात, चाळीस लाखही असू शकतात. आणि गेम असेल तर चहा रोज सकाळी एकदा नाही, सेकंदाला साठ वेळा करायचा असतो!

हा विषय फक्त सिनेमावाल्यांचा आहे असं वाटत असेल तर जरा थांबा. बिल्डर दाखवतो तो फ्लॅटचा व्हर्च्युअल वॉकथ्रू, कार कंपनीच्या साइटवर रंग बदलून फिरवून बघायची गाडी, नवा सोफा हॉलमध्ये कसा दिसेल ते दाखवणारं मोबाइल ॲप, लोकलमध्ये खेळायचा गेम... या सगळ्यांच्या पोटात एक 'सीन' असतो. कुठल्या वस्तू आहेत, कुठे आहेत, केवढ्या, कोणत्या रंगाच्या, दिवे कुठे, कॅमेरा कुठे आणि कोण कोणाला चिकटलेलं आहे, या सगळ्या माहितीला मिळून सीन म्हणायचं. ही माहिती कोणत्या रचनेत ठेवायची, हा निर्णय प्रोजेक्टच्या पहिल्याच आठवड्यात, बहुतेक वेळा फारशी चर्चा न होता, होऊन जातो. त्याचं बिल मात्र शेवटच्या महिन्यात येतं. आणि ते भरावं लागतं ज्युनिअर आर्टिस्टला किंवा प्रोग्रामरला, ज्याला त्या पहिल्या मीटिंगला कोणी बोलावलंही नव्हतं.

म्हणून 'सगळ्यात चांगली रचना कोणती?' हा प्रश्नच बाजूला ठेवा. त्याऐवजी विचारा: आपलं सॉफ्टवेअर या पसाऱ्याला सगळ्यात जास्त वेळा काय विचारणार आहे?

झाडाचा फंडा

समजा, तुमच्या टीमला काम मिळालंय. अनंत चतुर्दशीचा पुण्याचा लक्ष्मी रस्ता थ्रीडीत उभा करायचाय. रथ, गणपती, ढोल-ताशा पथक, दुकानांच्या पाट्या, माळा, गॅलऱ्यांतून वाकून बघणारी गर्दी, सगळं.

पहिली मांडणी कुणालाही सुचते ती झाडाची. रस्ता हे खोड. त्याला रथाची फांदी, रथाला गणपतीची, गणपतीला मुकुटाची. रथ चार फूट पुढे सरकला की मुकुट आपोआप चार फूट पुढे. ढोलवाल्याचा दंड हलला की हात हलतो, हात वर गेला की टिपरू वर जातं. प्रत्येक वस्तू 'मी माझ्या आईपासून किती अंतरावर आहे' एवढंच लक्षात ठेवते. बाकीचा हिशेब झाड करतं.

ही कल्पना चांगलीच जुनी आहे. १९६३ मध्ये एमआयटीत आयव्हन सदरलँडने 'स्केचपॅड' नावाचा प्रोग्राम केला. त्यात एक मूळ आकृती काढायची आणि तिच्या हव्या तितक्या प्रती चित्रात मांडायच्या, अशी सोय होती. मूळ बदललं की सगळ्या प्रती बदलायच्या. पुढे १९९२ मध्ये सिलिकॉन ग्राफिक्स कंपनीने 'इन्व्हेंटर' आणलं आणि अख्खा सीन झाडासारख्या रचनेत ठेवायची पद्धत प्रोग्रामर मंडळींच्या अंगवळणी पडली. तिला नाव पडलं 'सीन ग्राफ'. आजही वेबवर थ्रीडी मॉडेल पाठवायचा जो जीएलटीएफ फॉरमॅट आहे, त्यात हेच झाड असतं. नियमही कडक: प्रत्येकाला आई एकच.

आणि लोचा इथेच होतो. क्लायंट म्हणतो, "रस्त्यावरचे सगळे पिवळे दिवे जरा मंद करा ना." आता दिवे आहेत कुठे? काही रथावर, काही दुकानांवर, काही मांडवाच्या कमानीवर. म्हणजे अख्खं झाड पालथं घाला. मग कोणीतरी हुशारी करतो. सगळे दिवे रथावरून, दुकानांवरून काढून 'दिवे' नावाच्या वेगळ्या फांदीवर टांगतो. क्लायंट खूश! दुसऱ्या दिवशी रथ पुढे जातो आणि दिवे बेलबाग चौकातच हवेत लटकत राहतात.

जुन्या इन्व्हेंटरमध्ये तर याहून मजा होती. तिथे रंगसुद्धा झाडातलाच एक नोड असायचा आणि झाड वाचताना त्याच्यानंतर येणाऱ्या सगळ्यांना तो लागू व्हायचा. मध्ये आडभिंत म्हणून 'सेपरेटर' घालायचा राहिला, की एका पताकेचा लाल रंग पुढच्या सगळ्या पंगतीला!

चूक झाडाची नाही. एकाच झाडाला तीन वेगळे प्रश्न विचारले, ही चूक. कोण कोणाबरोबर हलतं, कोण कोणत्या गटात आहे आणि कोण कसं दिसतं, हे तीन स्वतंत्र प्रश्न आहेत. ब्लेंडर वापरणाऱ्यांना हे पटकन कळेल. जुलै २०१९ मध्ये आलेल्या २.८० व्हर्जनमध्ये ब्लेंडरने जुने २० लेअरचे चौकोन काढून टाकले आणि 'कलेक्शन' आणलं. एक दिवा एकाच वेळी 'रथ' आणि 'पिवळे दिवे' अशा दोन्ही कलेक्शनमध्ये राहू शकतो. त्याची आई कोण, याचा कलेक्शनशी काही संबंध नाही. आई वेगळी, मित्रमंडळ वेगळं. सिंपल!

डूमची दारं वरच का सरकतात?

आता दुसरा प्रश्न विचारणारा येतो, तो म्हणजे कॅमेरा. त्याला रथाच्या घराण्याशी देणंघेणं नाही. तो विचारतो, "मला इथून काय दिसतंय?" मुकुट आणि समोरच्या दुकानाची पाटी झाडात एकमेकांपासून कोसभर लांब असतील. पण कॅमेऱ्याच्या दृष्टीने ते शेजारी असतात.

डिसेंबर १९९३ मध्ये आलेला 'डूम' हा गेम ज्यांनी कॉलेजच्या लॅबमध्ये सरांची नजर चुकवून खेळलाय, त्यांनी एक गोष्ट पाहिली असेल. त्यातली दारं बाजूला उघडत नाहीत. ती वर सरकतात. लिफ्टही फक्त खाली-वर. ही स्टाइल नव्हती, मांडणीची किंमत होती.

त्या काळच्या साध्या पीसीवर प्रत्येक फ्रेमला 'कुठली भिंत पुढे, कुठली मागे' हे नव्याने ठरवणं परवडणारं नव्हतं. म्हणून आयडी सॉफ्टवेअरच्या जॉन कारमॅकने १९८० च्या एका शोधनिबंधातली कल्पना उचलली: बायनरी स्पेस पार्टिशन, म्हणजेच बीएसपी. नकाशाचे एका रेषेने दोन भाग करायचे, त्या भागांचे पुन्हा दोन, असं करत करत झाड बनवायचं. तुम्ही कुठे उभे आहात हे कळलं, की जवळच्यापासून लांबच्यापर्यंतचा क्रम झाडावरून उतरताना आयता मिळतो. हे झाड गेम चालू होण्याच्या कितीतरी आधी, लेव्हल बनवतानाच तयार करून ठेवलेलं असे. आणि ते वरून पाहिलेल्या सपाट नकाशाचं होतं. त्यात उंचीला जागा नव्हती. त्यामुळे छत वर-खाली केलं तरी झाड बिघडत नसे. भिंत मात्र बाजूला सरकवली की झाड खोटं ठरलं असतं. म्हणून मूळ डूममध्ये भिंती जागच्या जागी आणि दारं वर!

म्हणजे बघा, डेटा कसा ठेवायचा हे एकाने ठरवलं आणि दार कसं उघडायचं हे त्याच वेळी ठरून गेलं. डिझायनरने कितीही सुंदर सरकतं दार कागदावर काढलं असतं, तरी उत्तर 'नाही' असंच आलं असतं.

सिनेमाच्या रेंडरिंगमध्ये हाच प्रश्न आणखी भयंकर होतो. तिथे प्रत्येक पिक्सेलमधून प्रकाशाचे किरण सोडतात आणि प्रत्येक किरण विचारतो, "मी पहिल्यांदा कशावर आपटणार?" टर्नर व्हिटेडने १९८० मध्ये या पद्धतीवरचा प्रसिद्ध शोधनिबंध लिहिला, त्यातच नोंद आहे की साध्या सीनमध्ये ७५ टक्के वेळ या आपटाआपटीच्या हिशेबात जातो आणि अवघड सीनमध्ये ९५ टक्क्यांपर्यंत.

यावरचा उपाय तुमच्या कुरिअरवाल्याला पाठ आहे. पार्सल द्यायला तो शहरातल्या प्रत्येक दारावर टकटक करत नाही. आधी पिनकोड, मग एरिया, मग सोसायटी, मग विंग, मग फ्लॅट. थ्रीडीतही तसंच. जवळजवळच्या वस्तूंना एका अदृश्य खोक्यात घालायचं, खोक्यांना मोठ्या खोक्यात. किरण मोठ्या खोक्याला शिवलाच नाही, तर आतल्या हजारो वस्तूंना विचारायचंच नाही. याला बाउंडिंग व्हॉल्यूम हायरार्की म्हणतात, लाडाने बीव्हीएच. दर पायरीला अर्धं सामान बाद होत गेलं, तर दहा लाख वस्तूंमधून एक शोधायला साधारण २० पायऱ्या पुरतात. ही पद्धत इतकी कामाची ठरली, की २०१८ मध्ये एनव्हिडियाने आरटीएक्स कार्डं आणली तेव्हा खोक्यांच्या या झाडावरून उतरायचं काम करणारं वेगळं हार्डवेअरच चिपमध्ये बसवलं.

मग सगळीकडे हेच का वापरू नये? कारण वस्तू हलतात. आपल्या मिरवणुकीत ढोलवाले एकमेकांत मिसळले की त्यांच्याभोवतीची खोकी ताणून मोठी करावी लागतात. ताणणं स्वस्त पडतं. पण ताणत गेलं की खोकी एकमेकांवर चढतात आणि शोधण्याचा वेग मंदावतो. पुन्हा पहिल्यापासून बांधलं तर वेग परत येतो, पण बांधायलाच वेळ जातो. म्हणून शहाणी मंडळी दोन मजले करतात. खालच्या मजल्यावर एकेका वस्तूचं आतलं झाड, जे सहसा बदलत नाही. वरच्या मजल्यावर 'कोणती वस्तू कुठे आहे' एवढंच छोटं झाड, जे दर फ्रेमला नवीन बांधलं तरी चालतं.

मिसळणाचा डबा

आता तिसरा प्रश्न. गर्दीत १०,००० माणसं आहेत आणि दर फ्रेमला प्रत्येकाला थोडं पुढे सरकवायचंय. गेम ६० फ्रेमने चालायचा तर एका फ्रेमला मिळतात जेमतेम १६.६७ मिलिसेकंद. त्यात चित्र काढणं, आवाज, नियम, सगळं बसवायचं.

प्रत्येक माणूस म्हणजे एक फाइल समजा. त्यात नाव, कपडे, चेहरा, चालण्याची लकब, जागा आणि वेग. सरकवायला लागतात फक्त शेवटच्या दोन गोष्टी. पण फाइली मेमरीत इकडे-तिकडे विखुरलेल्या असतील, तर प्रोसेसरला प्रत्येक माणसासाठी मुख्य मेमरीपर्यंत खेप घालावी लागते. एका खेपेला ढोबळमानाने १०० नॅनोसेकंद धरा. एकाच्या मागे पाच खेपा, म्हणजे १०,००० माणसांना पाच मिलिसेकंद. जवळपास एक तृतीयांश फ्रेम नुसती येण्या-जाण्यात गेली! हिशेब अजून सुरूच व्हायचाय.

आपल्या घरोघरच्या किचनमध्ये यावरचा उपाय कित्येक पिढ्यांपासून आहे. मिसळणाचा डबा! मोहरी ही बी, हळद हे कंद, हिंग हा डिंक, तिखट ही मिरची. प्रकाराप्रमाणे लावायचं तर या चौघांनी एका फळीवरही राहू नये. पण फोडणीला चौघं एकदम लागतात आणि तेल तापलेलं असतं. म्हणून ते एका डब्यात, शेजारी शेजारी, हाताशी.

प्रोसेसरचंही तेच. तो मेमरीतून एक-एक आकडा आणत नाही. आजच्या बहुतेक पीसीवर तो एका खेपेला ६४ बाइटचा सलग तुकडा उचलतो. तेव्हा १०,००० माणसांच्या जागा एका सलग रांगेत ठेवा, वेग दुसऱ्या रांगेत. एका खेपेत पुढच्या कित्येकांचं सामान येतं आणि नको असलेले कपडे-चेहरे वाटेत येत नाहीत. या विचारातून आलेल्या रचनेला एंटिटी कंपोनंट सिस्टिम म्हणतात. वस्तूला वंशावळीतून गुण द्यायचे नाहीत, तर सुटे भाग जोडून ती बनवायची, हा विचार 'डंजन सीज' या गेमने २००२ मध्येच गाजवला होता. युनिटीने आपलं 'एंटिटीज' पॅकेज १.० म्हणून २०२३ मध्ये आणलं.

इथेही बिल आहेच. 'ढोलवाल्याचा हात' ही साधी आई-लेकराची गोष्ट अशा रांगांमध्ये सांगायला कटकट होते. कोड वाचणाऱ्याला 'हा माणूस नेमका आहे कुठे?' असा प्रश्न पडतो, कारण त्याचे तुकडे दहा रांगांत असतात. तुमच्या सीनमध्ये एकूण साठ खुर्च्या आणि एक सोफा असेल, तर एवढा खटाटोप कशाला? दोघांच्या घरात पंगतीची पातेली कोण काढतं?

एक दगड, हजार जागा

डिस्नेने २०१८ मध्ये 'मोआना' सिनेमातल्या बेटाचा अख्खा सीन संशोधकांसाठी खुला केला. त्याचे आकडे बघा. प्रत्यक्षात बनवलेले वेगवेगळे त्रिकोण-चौकोन आहेत ९ कोटींहून थोडे जास्त. पण सगळ्या प्रती मोजल्या तर बेटावर १,५०० कोटींहून जास्त तुकडे दिसतात. जादू आहे इन्स्टन्सिंगची. झाडं, पानं, दगड असं बरंच काही एकदाच बनवलं आणि 'हाच, तिथे, जरा वळवून' अशा २ कोटी ८० लाखांहून जास्त चिठ्ठ्या लिहिल्या. सदरलँडच्या १९६३ च्या कल्पनेचीच ही पणती!

चिठ्ठी लिहायला जागा किती कमी लागते, हे वेगळं सांगायला नको. पण दिग्दर्शक म्हणाला, "त्या तिसऱ्या दगडावर हिरोइन बसणार आहे, त्याला जरा खळगा पाडा," की खरी परीक्षा. मूळ दगडाला खळगा पाडला तर बेटावरच्या सगळ्या दगडांना खळगे. म्हणून आधी त्या एका दगडाला चिठ्ठीतून सोडवून खरा, स्वतंत्र दगड करावा लागतो. ब्लेंडरमध्ये शिफ्ट-डी आणि ऑल्ट-डी यांत हाच फरक आहे. पहिल्यात नवीन वस्तूला स्वतःचा आकार मिळतो, दुसऱ्यात दोघांचा आकार सामाईक राहतो. मॉडेल करतानाच विचारून ठेवा, की यातल्या कोणत्या वस्तू पुढे वेगळ्या वागणार आहेत. माळेतले दिवे सामाईक चालतील. रथाच्या पुढचा मानाचा ढोल चालणार नाही.

माझ्या फाइलवर कोण बसलंय?

आतापर्यंतचे प्रश्न मशीनचे होते. चौथा प्रश्न माणसांचा आहे आणि नाइट मारायला लावणारा बहुतेक वेळा हाच असतो. एका सीनवर एकाच वेळी किती जण काम करणार?

सगळा लक्ष्मी रस्ता एका फाइलमध्ये आहे. ॲनिमेटर ढोलवाल्यांवर काम करतोय, लाइटिंगवाली दिव्यांवर. तिने सेव्ह केलं, मग त्याने सेव्ह केलं आणि तिचे चार तास गेले. किंवा फाइलला कुलूप लावलं, मग ती चार तास चहा पीत बसली. मुंबई-पुण्यात बसून दुसऱ्या खंडातल्या टीमबरोबर एकच शॉट करणाऱ्यांना तर याचा अर्थ नीट माहीत असतो. तिकडची सकाळ होईपर्यंत इकडची रात्र संपलेली असते.

पिक्सारने आपलं याच्यावरचं उत्तर २०१६ मध्ये सगळ्यांना मोफत खुलं केलं. नाव युनिव्हर्सल सीन डिस्क्रिप्शन, म्हणजे यूएसडी. त्याचा गाभा सोपा आहे. मूळ सीनला कोणी हात लावायचा नाही. प्रत्येकाने आपापल्या लेअरमध्ये फक्त आपलं मत लिहायचं. खरंच, यूएसडीच्या भाषेत त्याला 'ओपिनियन' म्हणतात. लेआउटवाला म्हणतो, रथ इथे. ॲनिमेटर वरच्या लेअरमध्ये म्हणतो, नाही, दोन फूट पुढे. लाइटिंगवाली फक्त दिव्यांबद्दल बोलते. सगळे लेअर एकावर एक ठेवले की ठरलेल्या क्रमाने ज्याचं मत वरचढ, ते दिसतं. खालचं मत पुसलं जात नाही, नुसतं झाकलं जातं. वरचा लेअर बंद केला की रथ मुकाट्याने जुन्या जागी. फोटोशॉपमध्ये १९९४ पासून असलेले लेअर ज्यांनी वापरलेत, त्यांना हे अर्धं अधिक कळलंच. पिक्सारने यूएसडीबरोबर नमुना म्हणून जो सीन दिला, तोही पुन्हा एका किचनचाच आहे!

गेमवाल्यांनी वेगळी वाट काढली. २०२२ मध्ये आलेल्या अनरिअल इंजिन ५ मध्ये मोठ्या जगातली प्रत्येक वस्तू स्वतंत्र फाइलमध्ये सेव्ह करायची सोय आहे. दोघं एकाच चौकात काम करू शकतात, फक्त एकाच खांबावर नको.

ऑगस्ट २०२३ मध्ये पिक्सार, ॲडोबी, ॲपल, ऑटोडेस्क आणि एनव्हिडिया यांनी यूएसडीचं रीतसर स्टँडर्ड करण्यासाठी एकत्र संघटना काढली. म्हणजे रेझ्युमेवर हा शब्द असणं वाईट नाही. पण डोळे झाकून उडी नको. वीस लेअर झाले की 'हा रंग नेमका कोणाच्या मताने लाल झाला?' हे शोधायलाच अर्धा दिवस जातो. शिवाय ही रचना माणसांनी मिळून काम करण्यासाठी आहे. सेकंदाला साठ वेळा गर्दी हलवण्यासाठी नाही.

कीर्द आणि खतावणी

मग निवडायचं काय? झाड, खोकी, रांगा की लेअर? सिनेमाचं मोठं सॉफ्टवेअर असो की गेम इंजिन, अनुभवी टीम यातलं एकच निवडत नाही. त्या सगळं ठेवतात. पण एका शिस्तीने.

ती शिस्त जुन्या मराठी दुकानदाराच्या दोन वह्यांत सापडेल. रोज जे घडेल ते तारखेप्रमाणे कीर्दीत लिहायचं. मग त्यावरून खात्यांप्रमाणे खतावणी उतरवायची. 'काल काय झालं?' याचं उत्तर कीर्दीत, 'अमक्याकडे किती बाकी?' याचं खतावणीत. व्यवहार तोच, प्रश्न दोन, म्हणून वह्या दोन. आणि खतावणीत परस्पर काही लिहायचं नाही, हा नियम. नाहीतर दोन वह्या दोन गोष्टी सांगतात आणि दिवाळीला डोक्याला हात लावायची वेळ येते.

सीनमध्येही एकच कीर्द ठरवा. माणसं जिथे बदल करतात तीच खरी, मग ती झाड असो की लेअर. कॅमेऱ्यासाठी खोकी, गर्दीसाठी रांगा, या सगळ्या खतावण्या. त्या कीर्दीवरून उतरवायच्या आणि केव्हाही फेकून पुन्हा बनवता यायला हव्यात. मध्यरात्रीचे बरेचसे बग हे 'झाडात रथ पुढे गेलाय, पण खोक्यांना कळलंच नाही' अशा जातीचे असतात. खतावणी उतरवायची राहिली, एवढाच त्यांचा अर्थ.

पहिल्या मीटिंगला विचारा

पुढच्या वेळी प्रोजेक्ट सुरू होताना सिनिअर मंडळी रचनेवर बोलत असतील, तर मागच्या खुर्चीवरून हे पाच प्रश्न टाका. कोड लिहिता येत नसला तरी चालेल.

• दर फ्रेमला काय हलणार आणि काय कधीच हलणार नाही? न हलणाऱ्याचं काम आधी करून ठेवता येतं. पण उद्या भिंत सरकवायची आली तर काय, हेही लगेच विचारा.

• सगळ्यात जास्त वेळा कोणता प्रश्न येणार? 'कोण कोणाबरोबर हलतं', 'इथून काय दिसतं' की 'सगळ्यांना थोडं सरकवा'?

• एकसारख्या वस्तू किती आणि त्यांतल्या वेगळ्या वागणाऱ्या किती?

• एका वेळी किती जण हात घालणार? दोघं असतील तर वेगळ्या फाइली आणि नीट नावं पुरतात. वीस जण असतील तर लेअरचा विचार पहिल्या दिवसापासून.

• खरी वही कोणती? या प्रश्नाला टीममधल्या दोघांनी दोन उत्तरं दिली, तर मीटिंग अजून संपलेली नाही.

आणि एक टेस्ट, जिला खर्च नाही. पहिल्याच आठवड्यात खोटं सामान भरा. साधे चौकोनी ठोकळे, पण जेवढे शेवटी लागणार आहेत त्याच्या दहापट. लक्ष्मी रस्त्यावर लाखभर ठोकळे सोडा आणि त्यांना अलका टॉकीजच्या चौकाकडे चालवा. दोघांना एकाच वेळी तो सीन बदलायला सांगा. क्लायंटची नक्कल करत "सगळे पिवळे ठोकळे मंद करा" म्हणा. जे अडायचं ते आत्ताच अडेल. आत्ता रचना बदलायला दोन दिवस लागतील. सगळी मॉडेल बनल्यावर, सगळे शॉट लागल्यावर तेच करायला दोन महिने लागतात आणि दोन महिने कोणीच देत नाही. मग त्या दोन महिन्यांच्या जागी तुमचे रविवार जातात.

तेव्हा ठोकळे आधी चालवून बघा. मोदक, मुकुट आणि गुलाल मागाहून येऊ देत.